डोंगरात सीबी रेडिओवरचा आवाज वारंवार तुटतो तेव्हा: राजगड ते तोरणा वाटेवरची समस्या आणि तिचे निवारण

पुण्याहून महिन्यातून एकदा-दोनदा सह्याद्रीत जाणारा आमचा वीस-बावीस जणांचा गट आहे. वाटेवर रांग लांबते, आघाडी आणि पिछाडी यांच्यात कधी अर्ध्या तासाचे अंतर पडते आणि मोबाईलची रेंज नेमक्या त्याच टप्प्यात जाते. म्हणून आम्ही हातात धरण्याचे तीन सीबी (सिटिझन्स बँड, म्हणजे सर्वसामान्यांना परवान्याविना वापरता येणारा पट्टा) रेडिओ संच बाळगतो: एक आघाडीला, एक मध्यावर, एक पिछाडीला. हे संच पायथ्याच्या गावात खणखणीत बोलतात. राजगडाच्या संजीवनी माचीवरून आळू दरवाजाने बाहेर पडून तोरण्याकडे जाणाऱ्या सोंडेला लागलो की मात्र एका ठरावीक टप्प्यापासून आवाज तुटू लागतो आणि डांबरी रस्ता जिथे ही सोंड ओलांडतो त्या खिंडीत तर निम्मे शब्द गळतात. पलीकडच्या चढावर आवाज पुन्हा नीट होतो. हा त्रास एकदा-दोनदा नव्हे, प्रत्येक खेपेला झाला आणि प्रत्येक वेळी आम्ही संचाला दोष दिला. सेल बदलले, संचांची अदलाबदल केली, एक संच दुरुस्तीलाही देऊन पाहिला आणि तो निर्दोष म्हणून परत आला.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या अखेरीस याच वाटेवर दाट धुके होते. आघाडीवरच्या दादाने सांगितले होते, "पुढची वाट निसरडी आहे, मी सांगेपर्यंत खाली उतरू नका." पिछाडीच्या ताईंना ऐकू आले ते एवढेच: "...सांगेपर्यंत खाली उतरू..." शेवटचा 'नका' गळाला. सात जण उतरायला लागले. मध्यावरच्या संचावर पूर्ण वाक्य पोहोचले होते म्हणून त्यांना हाका मारून परत बोलावता आले आणि कोणालाही इजा झाली नाही. त्या रात्री घरी आल्यावर मी ठरवले की हा दोष नेमका कुठे आहे ते अंदाजाने नव्हे, एकेक शक्यता तपासून शोधायचे. पुढचे सारे त्या तपासणीतून आलेले आहे.

आधी दोषाची जात ओळखावी

'आवाज नीट येत नाही' या एकाच तक्रारीखाली चार-पाच निरनिराळे दोष लपलेले असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. ते ओळखण्यासाठी आम्ही एक सोपी चाचणी करतो. ऐकणाऱ्याने स्क्वेल्चची, म्हणजे कोणी बोलत नसताना खरखर दाबून ठेवणारी, खुंटी पूर्ण सैल करावी, म्हणजे संचातून सतत खरखर ऐकू येईल. मग समोरच्याने बटण दाबून दोन सेकंद गप्प राहावे आणि त्यानंतर सावकाश एक ते दहा आकडे म्हणावेत. एवढ्यात बरेच कळते.

समोरच्याने बटण दाबताच खरखर स्पष्टपणे दबली आणि तरीही शब्द कळले नाहीत, तर रेडिओलहर व्यवस्थित पोहोचते आहे आणि दोष माईकमध्ये किंवा बोलण्याच्या पद्धतीत आहे. खरखर जराही दबली नाही आणि शब्द तिच्यामागे बुडालेले वाटले, तर लहर क्षीण होऊन येते आहे. कोणी बोलत नसतानाही खरखर नेहमीपेक्षा मोठी असेल, किंवा तिच्यात गुणगुण, टकटक मिसळलेली असेल, तर गोंगाट ऐकणाऱ्याच्या जवळपासचा आहे. बोलण्यावर बारीक शिट्टी चढत असेल, तर त्याच चॅनेलवर त्याच वेळी दुसरे कोणी बोलत आहे. चालता चालता आवाज लाटेसारखा वर-खाली होत असेल, तर मूळ लहर आणि कड्यावरून परावर्तित झालेली लहर अशा दोन्ही एकाच वेळी येत आहेत.

आमच्या वाटेवर दुसरा आणि पाचवा दोष निघाला, त्यात शब्द गिळण्याची आमची सवय मिसळलेली होती. संचात काहीही बिघाड नव्हता.

उभे राहण्याची जागा

सीबीची लहर साधारण ११ मीटर लांबीची असते. एवढी लांब लहर डोंगराच्या धारेवरून थोडीफार पलीकडे वाकते आणि झाडोराही तिला फारसा अडवत नाही. नेहमीच्या वॉकीटॉकीच्या, म्हणजे चारशे मेगाहर्ट्झच्या घरातल्या लहरींपेक्षा या बाबतीत ती सरस आहे. पण 'वाकते' या शब्दावर फार विसंबू नये. ती किती वाकेल हे अडथळ्याच्या आकारावर आणि आपण त्याच्या किती जवळ उभे आहोत यावर ठरते.

सह्याद्रीचा दगड लाव्ह्याच्या आडव्या थरांनी बनलेला असल्यामुळे इथले डोंगर माथ्यावर सपाट आणि बाजूंनी कातलेले असतात. धारदार कड्यावरून लहर जितकी सहज पलीकडे उतरते तितकी ती रुंद पठारावरून उतरत नाही. म्हणून अरुंद सोंडेच्या दोन बाजूंना असलेली माणसे एकमेकांशी बरे बोलू शकतात, पण मधे मोठे पठार आले की संपर्क तुटतो. पठारावरच्या माणसाची आणखी एक चूक होते. आपण उंचावर आहोत म्हणजे आवाज चोहीकडे जाणार असे धरून तो पठाराच्या मधोमध, सावलीत बसून बोलतो. त्याच्या आणि दरीतल्या माणसाच्या मधे पठाराची कडाच आडवी आलेली असते. ज्याच्याशी बोलायचे त्याच्या दिशेच्या कडेकडे तो गेला, तर तोच संच एकदम स्पष्ट बोलू लागतो. कडेपासून निदान दोन माणसांच्या उंचीइतके आत थांबावे, कारण पावसाळ्यानंतर तिथला मुरूम आतून पोकळ झालेला असतो आणि बोलण्याच्या नादात पावलांकडे लक्ष राहत नाही.

खालच्या माणसाची चूक याच्या उलट असते. वारा-पाऊस चुकवण्यासाठी तो कड्याच्या पायाशी चिकटून उभा राहतो. तिथे लहरीला माथ्यावरून जवळजवळ सरळ खाली वळावे लागते आणि ते तिला जमत नाही. कड्यापासून बाहेर, मोकळ्या उतारावर शंभर-दोनशे मीटर गेले की हा कोन कमी होतो आणि आवाज उठतो. आमच्या खिंडीत हेच घडत होते. पिछाडीची मंडळी विश्रांतीसाठी कातळाच्या आडोशाला थांबत आणि नेमके तिथूनच बोलत. आता आम्ही विश्रांती आडोशाला घेतो आणि बोलणारा माणूस रस्त्याच्या दुसऱ्या कडेला, जिथून पुढची सोंड डोळ्यांना दिसते तिथे जाऊन बोलतो. एवढ्याच बदलाने गळणारे शब्द बरेच कमी झाले.

राहिला लाटेसारखा वर-खाली होणारा आवाज. समोरून येणारी लहर आणि मागच्या कड्यावर आपटून परत येणारी लहर एका जागी एकमेकींना पूरक ठरतात, तर दुसऱ्या जागी एकमेकींना मारतात. कडा बरोबर पाठीशी असेल तर अशा दोन मृत जागांमध्ये अर्ध्या तरंगलांबीचे, म्हणजे सुमारे साडेपाच मीटरचे अंतर असते आणि त्यांच्या मधोमध चांगली जागा असते. म्हणून आवाज बुडाला तर बोलणाऱ्याशी हुज्जत घालत बसण्याऐवजी आपण चार पावले पुढे किंवा मागे सरकावे. हे मी प्रत्यक्ष मोजून पाहिले आहे. तोरण्याच्या बुधला माचीच्या अलीकडच्या चढावर एका जागी पिछाडीचा आवाज पूर्ण नाहीसा होत असे. तिथे पायाशी एक दगड ठेवून मी कड्यापासून दूर एकेक पाऊल टाकत गेलो आणि समोरून आकडे चालू ठेवायला सांगितले. तिसऱ्या पावलाला 'पाच' कळला, चौथ्याला 'सहा' आणि 'सात' स्वच्छ आले, आठव्याच्या सुमारास पुन्हा बुडाले. तो दगड अजून तिथे असेल तर मला आनंद होईल.

शक्ती वाढवून हा प्रश्न सुटत नाही, हेही इथेच सांगणे आवश्यक आहे. संचावरच्या सिग्नलच्या मापात एक अंश, म्हणजे ६ डेसिबल, वाढवण्यासाठी चौपट शक्ती लागते. चार वॅटचा संच टाकून पाच वॅटचा घेतल्याने कानाला जाणवेल असा फरक पडत नाही. चार पावलांनी पडणारा फरक त्याहून कितीतरी मोठा असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

गोंगाट: शहरातला आणि आपल्याच पाठीवरचा

पुण्यात घरात बसून संच तपासणाऱ्याची पुष्कळदा फसगत होते. सदनिकेतले एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर, लिफ्ट, खालच्या रस्त्यावरची पेट्रोल वाहने या सर्वांतून रेडिओगोंगाट निघतो आणि तो एएम पद्धतीच्या, म्हणजे लहरीची उंची कमी-जास्त करून आवाज वाहणाऱ्या, संचात थेट ऐकू येतो. घरात खरखर आहे म्हणून संच वाईट ठरवू नये.

सीबीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्याकडे परवान्याविना वापरता येणारा सीबीचा पट्टा २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ असा आहे आणि हाच पट्टा जगभर औद्योगिक, वैज्ञानिक आणि वैद्यकीय यंत्रांसाठीही राखलेला आहे. त्याचा मध्य २७.१२ मेगाहर्ट्झवर येतो. प्लास्टिकचे ताव उष्णतेने चिकटवणारी कारखान्यांतली यंत्रे आणि भौतिकोपचार केंद्रांत सांध्यांना शेक देणारी डायथर्मीची यंत्रे याच वारंवारतेवर चालतात. भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक भागाजवळून जाताना संचात अचानक गुणगुण भरून येते, तिचे कारण असे एखादे यंत्र असू शकते. चॅनेल १३ आणि १४ हे २७.११५ आणि २७.१२५ मेगाहर्ट्झवर असल्याने या मध्याला खेटून आहेत. रिमोटवर चालणाऱ्या पुष्कळ खेळण्यांची २७.१४५ ही वारंवारताही तिथून फार दूर नाही. आम्ही मधले चॅनेल सोडून दिले आणि खालच्या टोकाला, चौथ्या-पाचव्या चॅनेलवर आलो. शहराच्या कडेला तरी याचा स्पष्ट उपयोग झाला.

गाव मागे पडले की हा गोंगाट ओसरतो आणि डोंगर इथे आपल्या बाजूने उभे राहतात. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी ही आकाशातल्या रेडिओलहरी टिपणारी महादुर्बीण उभारताना मानवनिर्मित रेडिओगोंगाट कमी असलेली जागा शोधली गेली आणि भोवतालचे डोंगर तो गोंगाट अडवतात हेही तिथे पाहिले गेले. जो डोंगर आमचा निरोप अडवतो तोच तिथे आकाशाचा क्षीण आवाज ऐकू देतो. डोंगराच्या सावलीत क्षीण लहरसुद्धा कळू शकते ती याच कारणाने, मात्र आपण स्वतः सोबत गोंगाट नेलेला नसावा.

आम्ही तो नेत होतो. रात्रीच्या एका चढाईत माझ्या संचात सतत बारीक किणकिण येत होती आणि ती मी डोके वळवले की बदलत होती. कपाळावरचा दिवा विझवला तेव्हा ती थांबली. दिवा पूर्ण प्रकाशावर ठेवला तर किणकिण अगदी थोडी होती, मंद प्रकाशावर ठेवला तर मोठी होती. बॅटरी वाचवण्यासाठी दिव्यातले मंडल फार वेगाने चालू-बंद होत राहते, त्याचा हा परिणाम असावा असे मी मानतो. त्यानंतर आम्ही सॅक उघडून एकेक वस्तू बंद करून पाहिली. मोबाईल चार्ज करत असलेली पॉवर बँक संचाशेजारच्या कप्प्यात असेल तर खरखर वाढते. गाडीत असताना सिगारेट लायटरच्या जागी खोचलेला चार्जर काढून पाहावा. संच पॉवर बँकेपासून वीतभर दूर, सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला अडकवावा. तपासणीची रीत सरळ आहे: स्क्वेल्च सैल करून खरखर ऐकत राहावे आणि जवळची विजेवर चालणारी एकेक वस्तू बंद करावी.

स्क्वेल्चबद्दल थोडेसे. शांतता आवडते म्हणून ती खुंटी घट्ट पिळून ठेवणारे लोक क्षीण निरोप गमावतात. खरखर जिथे नुकती थांबते तिथे खुंटी ठेवावी आणि अवघड टप्प्यात ती त्याहूनही सैल करून खरखर सहन करावी.

दूरवरचे आवाज

कधी कधी स्वच्छ हवेत, भर दुपारी, कोणत्या तरी अनोळखी भाषेतले बोलणे आपल्या चॅनेलवर येते आणि आपल्या माणसाचा आवाज दाबून टाकते. हा संचाचा दोष नाही. वातावरणाच्या वरच्या आयनीभूत थरांवरून परावर्तित होऊन ही लहर हजारो किलोमीटर येते. सूर्यावरील डागांच्या सुमारे ११ वर्षांच्या चक्रात शिखराच्या आसपासच्या वर्षांत हे वारंवार घडते आणि चालू चक्राचे शिखर २०२४ मध्ये येऊन गेले आहे, म्हणून अजून काही काळ हा अनुभव येत राहील. उपाय एकच: निघण्यापूर्वी मुख्य चॅनेलबरोबर दुसरा आणि तिसरा चॅनेल ठरवून सर्वांच्या संचावर चिकटपट्टीने लिहून ठेवावा. दोन निरोप लागोपाठ कळले नाहीत तर दोघांनीही न सांगता दुसऱ्या चॅनेलवर जायचे, असा आमचा नियम आहे. 'चॅनेल बदल' असा निरोप देत बसण्यात अर्थ नाही, कारण तोच कळत नसतो.

चॅनेल निवडताना एक काळजी घ्यावी. परदेशी बनावटीच्या संचांवर ४० चॅनेल असतात. आपल्या पट्ट्याची वरची मर्यादा २७.२८३ मेगाहर्ट्झ असल्याने २७.२७५ वरचा चॅनेल २७ हा शेवटचा होय. २८ वा चॅनेल २७.२८५ वर, म्हणजे मर्यादेबाहेर जातो. २००५ च्या नियमांत परवान्याची सूट ५ वॅटपर्यंतच्या आणि अंगभूत अँटेना असलेल्या संचालाच आहे. म्हणून गाडीच्या टपावर लांब अँटेना बसवणे किंवा शक्ती वाढवणारा जोडसंच लावणे हे उपाय मी सुचवत नाही. ज्यांना खरोखर बाहेरचे अँटेना वापरून प्रयोग करायचे आहेत त्यांनी हॅम रेडिओची, म्हणजे हौशी रेडिओचालकांच्या परवान्याची, परीक्षा द्यावी. बारा वर्षांवरील कोणालाही ती देता येते. ऑनलाईन स्वस्तात मिळणारे पुष्कळ वॉकीटॉकी परवान्याची गरज असलेल्या वारंवारतांवर बोलतात, हेही खरेदीपूर्वी पाहून घ्यावे.

हात, माईक आणि सेल

अंगभूत अँटेना म्हणजे ११ मीटरच्या लहरीसाठी वीतभर-हातभर उंचीची, आत तार गुंडाळलेली काडी. पाव तरंगलांबीची काडी सुमारे पावणेतीन मीटर लांब झाली असती; तिच्यापुढे ही फारच तोकडी आहे आणि तिचे उरलेले काम संच धरणाऱ्या माणसाचे शरीर करते. म्हणून संच दगडावर ठेवून बोलण्यापेक्षा मुठीत घट्ट धरून बोललेले चांगले जाते. अँटेना उभीच राहिली पाहिजे. बोलताना संच तोंडाकडे झुकवण्याची सर्वांना सवय असते आणि त्यामुळे अँटेना आडवी होते. समोरच्याची उभी आणि आपली आडवी असेल तर पुष्कळ सिग्नल वाया जातो. स्टीलच्या बाटलीला टेकलेली किंवा सॅकच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीला समांतर बांधलेली अँटेना नीट काम करत नाही.

माईकची तक्रार पावसाळ्यात विशेष येते. एकदा एका सहकाऱ्याचा आवाज पाण्याखालून बोलल्यासारखा येत होता आणि आम्ही तासभर डोंगराला दोष देत होतो. जवळ जाऊन पाहिले तर माईकच्या बारीक छिद्रांवर पाण्याचा पातळ पडदा धरला होता, उजेडात तो चमकत होता. रुमालाचे टोक पिळून त्याने ती जागा टिपली, संच दोनदा झटकला आणि आवाज मोकळा झाला. संच प्लास्टिकच्या पिशवीत घालून बोलण्यानेही शब्द घोगरे होतात. पिशवी फक्त चालताना असावी. वाऱ्याकडे पाठ करावी, माईक ओठांपासून चार बोटे दूर आणि किंचित बाजूला धरावा, आणि ओरडू नये. ओरडल्याने लहर लांब जात नाही, उलट आवाज फाटतो आणि क्षीण सिग्नलवर फाटलेला आवाज मुळीच कळत नाही.

सेलबाबत एवढेच सांगतो की ऐकताना ठीक वाटणारा संच बोलताना मान टाकत असेल, तर सेल संपत आले आहेत. ऐकायला थोडा प्रवाह लागतो, बोलायला कितीतरी अधिक लागतो आणि जुने साधे सेल त्या क्षणी दबतात. चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे सेल १.२ व्होल्टचे असतात, म्हणून आठ सेलांच्या संचात १२ ऐवजी ९.६ व्होल्ट मिळतात. संचाला ते चालतात का हे माहितीपत्रकात आधी पाहावे.

मराठी बोलताना पडणारे शब्द

आता त्या 'नका' कडे येतो. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि माणूस वाक्य संपता संपता बटण सोडतो. 'उतरू नका' मधला शेवटचा शब्द कापला गेला की उरते 'उतरू', म्हणजे नेमका उलट अर्थ. हा धोका मला इतका गंभीर वाटतो की आमच्या गटात रेडिओवर नकारार्थी आज्ञा देणेच बंद केले आहे. 'उतरू नका' ऐवजी 'जागीच थांबा', 'डावीकडे जाऊ नका' ऐवजी 'उजवीकडे या', 'पाणी पिऊ नका' ऐवजी 'पाणी खराब आहे'. बटण दाबल्यावर मनात 'एक' म्हणून मग बोलायचे आणि बोलणे संपल्यावर पुन्हा 'एक' म्हणून मग सोडायचे, हा दुसरा नियम. नुसते 'हो' म्हणू नये, कारण स्क्वेल्च उघडेपर्यंत ते संपून जाते; 'होय, निरोप मिळाला' असे म्हणावे.

आकड्यांचेही तसेच. खरखरीत 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर', 'बासष्ट' आणि 'सदुसष्ट' यांत फरक कळत नाही. आकडा सुटा सुटा सांगावा: 'सहा, दोन'. ऐकणाऱ्याने तो तसाच परत म्हणावा.

मधला माणूस

डोंगराच्या दोन बाजूंना आघाडी आणि पिछाडी अडकली की सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे दोघांनाही दिसेल अशा जागी तिसरा संच. राजगड ते तोरणा वाटेवर आम्ही मध्यावरच्या माणसाला खिंड उतरण्याआधीच्या शेवटच्या उंचवट्यावर थांबवतो. पिछाडी त्याच्यापर्यंत आल्याशिवाय तो जागा सोडत नाही आणि तो निघण्यापूर्वी आघाडी पलीकडच्या उंचवट्यावर पोहोचून थांबलेली असते. निरोप पोहोचवताना त्याने स्वतःचे शब्द घालू नयेत. त्यासाठी त्याच्या खिशात छोटी वही आणि शिसपेन्सिल असते, कारण ओल्या कागदावर पेन चालत नाही. ऐकलेले वाक्य लिहायचे, बोलणाऱ्याला वाचून दाखवायचे, त्याने 'बरोबर' म्हटल्यावर पुढे द्यायचे. याला वेळ लागतो, नवीन मुलांना कंटाळाही येतो. पण गेल्या दोन वर्षांत आमचा एकही निरोप उलट्या अर्थाने पोहोचलेला नाही आणि त्याचे मोठे श्रेय मी या वहीला देतो.

एक सूचना इथे देणे भाग आहे. मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारनंतर संचात थांबून थांबून कडकड ऐकू येऊ लागली, तर ती दूरच्या विजांची असते आणि आकाश भरून येण्याआधीच ती ऐकू येते. अशा वेळी उंचवट्यावरच्या माणसाने निरोपाची वाट न पाहता खाली यावे. संपर्क तुटला तरी चालेल.

ज्यांना हे सारे मोठ्या वाटेवर जाण्यापूर्वी करून पाहायचे आहे त्यांनी वेताळ टेकडीवर जावे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीची ही टेकडी पुणे शहरातच आहे आणि तिथली जुनी खाण म्हणजे छोटी दरीच. एकाने माथ्यावर थांबावे, दुसऱ्याने आकडे म्हणत खाणीच्या कातळाच्या पायाशी उतरावे, मग कातळापासून हळूहळू दूर जावे. लहर कुठे बुडते आणि कुठे वर येते हे अर्ध्या तासात स्वतःच्या कानांनी कळते. सकाळी लवकर गेल्यास फिरायला आलेल्यांना त्रास होत नाही.

आमचा एक टप्पा अजून सुटलेला नाही. बुधला माचीवर चढताना, शेवटच्या खड्या भागात, मधल्या माणसाला आघाडी दिसत नाही आणि चार पावले सरकायलाही तिथे जागा नसते. तिथे आम्ही बोलण्याचा प्रयत्न सोडून दिला आहे. आघाडी चढायला लागण्यापूर्वी घड्याळ लावते, चाळीस मिनिटे दोन्हीकडे शांतता पाळायची आणि चाळीस मिनिटांनी माचीच्या तटावरून पहिला निरोप यायचा असे ठरलेले असते. तो पन्नासाव्या मिनिटापर्यंत आला नाही तर पिछाडीतले दोघे दोर घेऊन वर निघतात.